भाषणावरची पैज

समोर पासष्टीचा केक, खिशात भाषण. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या क्लबहाउसमध्ये दिगंबररावांनी घसा खाकरला, तशी जमलेली तिसेक मराठी मंडळी खुर्च्यांत खचली. याच गळ्याने गेल्या गणपतीत प्रसादाचा शिरा गारढोण केला होता.

"या हॉलमध्ये आजची तारीख माझी एकट्याची!" त्यांनी सूर लावला.

"काका, सॉरी," स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करणारी वल्लरी म्हणाली, "तेवीस जण असले तरी कुठल्याही दोघांचा वाढदिवस एका दिवशी असायचा चान्स निम्म्याहून जास्त असतो. इथे तर तीस आहेत."

"दिवस तीनशे पासष्ट, माणसं तीस! हे शिकवतात तुम्हाला?"

"तुमच्याशीच जुळायला नको काका, कुणाचंही कुणाशी. जोड्या करून बघा, चारशेच्या वर होतात."

अडाण्यांच्या वाट्याला आपण आलो, असं दिगंबररावांना नेहमीच वाटे. ते गरजले, "एक जोडी जुळू दे, भाषण कॅन्सल!"

हॉलमध्ये जान आली.

"सुभाषराव, बोला," दिगंबररावांनीच सुरुवात केली.

"एक जून."

"म्हणजे आजच? आणि गप्प बसलात?"

"कागदावरचा हो. केक तुमचा, म्हटलं कशाला मध्ये तोंड घाला."

"माझाही एक जूनच," सुजाताकाकू म्हणाल्या. पाठोपाठ रेणूमावशींनी हात वर केला. कुणी पेरणीत जन्मलेलं, कुणी मळणीत, कुणी भर थंडीत शेकोटीपाशी. गुरुजींच्या दौतीतून सगळी एकाच दिवशी उतरली होती.

"हॅ! ही काय तारीख झाली?" दिगंबररावांनी नाक मुरडलं. "आईबापांना आठवेना, म्हणून शाळेत गुरुजींनी ठोकून दिली. आमच्यासारख्या घरांत असलं चालत नाही. गुरुजींच्या तारखा बाद!"

उरलेल्यांच्या तारखा विचारून झाल्या. एकही जोडी जुळेना. वल्लरीचा चेहरा उतरला. विजयी दिगंबररावांनी भाषणाच्या घड्या उलगडल्या.

"अहो," मालिनीताई सुरी पुसत म्हणाल्या, "मग तुमचीही बादच की. सासूबाई सांगायच्या ना, तुम्ही नवरात्रात झालात. एक जून तुमच्याही गुरुजींचाच."

दिगंबररावांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "मग... भाषण?"

"नवरात्रात करा. तेव्हा आपण इंडियात असू."

टाळ्यांनी क्लबहाउस दणाणलं. दिगंबररावांना इतक्या मनापासून टाळ्या आजवर कधीच मिळाल्या नव्हत्या.