एक दाबा, दोन दाबा

सोनई गावच्या सहादेवला आपल्या पोरीला नाही म्हणता येत नाही, हे त्याच्या बायकोला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं आणि सगळ्यात आधी पोरीला माहीत होतं. म्हणूनच राजनंदिनीच्या शाळेने कँटीनचं कार्ड काढलं, तेव्हा पूजाने कपाळाला हात लावला. आईबापांनी आधी पैसे भरून ठेवायचे आणि पोरांनी कार्ड दाखवून खायचं, अशी ती सोय.

"म्या पहाटं उठून डबा करायचा आन् ही सामोसे खाऊन डबा तसाच परत आननार," पूजा म्हणाली.

"अगं, दोरी आपल्याच हातात हाय. पोरीनं काय बी मागितलं की आधी मला फोन येतो. मंजूर असंल तर एक दाबायचं, नसंल तर दोन. मी दोनच दाबनार."

"तुमी? दोन?" पूजाला हसू आवरेना. "बरं, दाबून दाखवा. ज्या दिवशी एक दाबलं, त्या दिवशी कार्ड बंद."

सहादेवने मान डोलावली खरी. पण कार्ड गेलं की पोरगी तोंड फुगवून बसणार, आणि ते फुगलेलं तोंड त्याला बघवत नसे.

पहिला आठवडा मात्र झोकात गेला. सहादेव ट्रॅक्टरवर, बटणांचा फोन शर्टाच्या खिशात. मधल्या सुट्टीत फोन वाजला की हिरवं बटण, मग दोन, झालं काम. ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू काही यायचं नाही आणि ऐकायचं तरी कशाला? बोलायला पोरगी थोडीच होती, रेकॉर्ड केलेली बाई होती. त्या बाईला नाही म्हणणं त्याला छान जमलं. संध्याकाळी राजनंदिनी रुसली की तो म्हणायचा, "मशीनच तसलं हाय, बाळा."

घोळ एवढाच, की अशीच एक बाई त्याच्या विहिरीवर, मोटरच्या पेटीतही होती. लाईट आली की पेटी फोन करायची, दोन दाबलं तर तीनदा विचारायची. मोटर चालू करायला एक दाबा, बंद ठेवायला दोन. शेताला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री; तो आठवडा रात्रीचा होता. विहिरीवरची बाई रात्री बोलायची, शाळेतली दिवसा. दोघींची गाठ पडायचं कारणच नव्हतं.

सोमवारी लाईटची पाळी बदलली. दिवसाची लाईट आली, ती नेमकी मधल्या सुट्टीच्या तोंडावर.

फोन वाजला. सहादेवने दोन दाबलं. थोड्या वेळाने परत वाजला, परत दोन. पुन्हा वाजला. आज लईच भूक लागली वाटतं लेकराला, असं मनात येऊन त्याचा जीव तुटला. तरी दोनच दाबलं, पण दाबताना डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात विहिरीतला भागीदार कानिफनाथ बांधावरून हातवारे करत आला.

"सहादू, लाईट येऊन किती टाईम झाला. मोटर का चालू न्हाई? माझा कांदा सुकतोय तिकडं."

"आरं तिच्या. मोटरचे फोन हुते व्हय ते?"

"मग आता आला की एक दाब."

फोन आला. सहादेवने एक दाबलं. कानिफनाथ पाइपाच्या तोंडाशी जाऊन आला. थेंब नव्हता. परत फोन आला, परत एक. पाइप कोरडाच. तिसऱ्या वेळी तर दोघांनी अंगठ्यावर अंगठा ठेवून एक दाबलं.

"आधी ह्यो ट्रॅक्टर बंद कर बरं," कानिफनाथ वैतागून म्हणाला. ट्रॅक्टर बंद झाला आणि फोन वाजला. या खेपेला जिवंत बाई बोलत होती.

"सहादेवराव, मी एंजेला मॅडम, राजनंदिनीची वर्गशिक्षिका. आज काय विशेष? अख्ख्या वर्गाला सामोसे मंजूर केलेत."

"अख्ख्या?"

"आधी तिने एकच मागितला. मंजूर झाला, तर तिचाच विश्वास बसेना. मग मैत्रिणींसाठी मागितले, तेही मंजूर. मग मीच गमतीने म्हटलं, आता वर्गासाठी माग, बघू पप्पा काय म्हणतात." मॅडम जरा थांबल्या. बहुतेक खात होत्या. "सामोसे छान आहेत हं."

सहादेव बांधावर मटकन बसला. "कानिफ, आज काळजावर दगड ठेवून पोरीला न्हाई म्हनलो, तर ते मोटरीनं ऐकलं."

संध्याकाळी राजनंदिनी गळ्यातच पडली. "पप्पा, सगळा वर्ग म्हनला, तुझे पप्पा लई भारी." पूजाने न खाता परत आलेला डबा उघडला आणि नवऱ्याकडे बघितलं. सहादेवने सगळं खरं खरं सांगून टाकलं. पूजा पदर तोंडाला लावून हसली, मग गंभीर झाली.

"ठरल्याप्रमानं कार्ड बंद."

राजनंदिनीचं तोंड फुगलं. सहादेवचंही फुगलं. दोन्ही तोंडं बघून पूजा म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ द्या. पन आता दोन्ही फोन माझ्या मोबाईलवर येतील. माझ्याकडं न्हाई म्हंजे न्हाई."

दुसऱ्या दिवशी सहादेव घरी जेवायला बसला होता. पूजाचा फोन वाजला. तिने हात पुसले, स्पीकर लावला आणि शब्द न् शब्द नीट ऐकून घेतला. "विद्यार्थिनी राजनंदिनी. एक गुलाबजाम. मंजुरीसाठी एक दाबा, नाकारण्यासाठी दोन."

पूजाचं बोट दोनवर गेलं. तिथेच थांबलं. मग तिने एक दाबलं.

"का गं?" सहादेवचा घास हातातच राहिला.

"जेवा तुमी," पूजा त्याला भाकरी वाढत म्हणाली. "मला वाटलं, मोटर हाय."