बटणदासाचं मौन

"या घरात एक जरी बटण सापडलं, तर मिशी उतरवीन!"

भोंगेरावांनी ही प्रतिज्ञा चारचौघांत केली असती तर निभावलं असतं. पण त्यांनी ती केली इंटरनेटवरच्या चर्चामंडळात! तिथं हजारो माणसं हातातली कामं टाकून, कुठली कंपनी थोर आणि कुठली चोर, यावर रोज एकमेकांच्या उरावर बसतात. आणि प्रतिज्ञेखाली त्यांनी लिहिलं, "उद्या सकाळी अकराला थेट प्रक्षेपण. बटणदास, हिंमत असेल तर हजर राहा!"

भोंगेराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्यांची नोकरी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची, आणि आवाज असा दणदणीत, की फलाटावर गाढ झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि समोर दिसेल त्या गाडीत बसून भलत्याच गावी जायचा. वाहकांनी नाव ठेवलं भोंगेराव. त्यांना राग तर आला नाहीच, उलट छाती दोन बोटं पुढे आली.

अशा माणसाच्या घरात 'साद' शिरलं नसतं तरच नवल! 'साद' म्हणजे खरबुजाएवढं, पांढरं, गुळगुळीत यंत्र. त्याला नुसतं सांगायचं. "दिवे!" म्हटलं की दिवे लागतात, "पडदे!" म्हटलं की पडदे सरकतात, आणि "शुभरात्री!" म्हटलं की दाराला कुलूप बसतं. 'हाक' नावाच्या दुसऱ्या कंपनीचं म्हणणं, ही युक्ती आमची, 'साद'नं ती चोरली. त्यावरून दोघींचा कोर्टात खटला चाललेला. भोंगेराव 'साद'च्या बाजूनं असे लढत होते, की जणू सख्ख्या भावालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. मग वायरमनला बोलावून त्यांनी घरातली सगळी बटणं उपटून टाकली आणि भोकं लिंपून वर रंग दिला. वायरमननं विचारलं, "साहेब, एक तरी ठेवू?" भोंगेराव म्हणाले, "क्रांतीत एक तरी नसतं!"

हे सगळं वहिनी बघत होत्या. नुसत्या बघत होत्या, कारण सकाळची वेळ होती.

वहिनी म्हणजे भोंगेरावांच्या मंडळी. सबंध इमारत त्यांना वहिनीच म्हणते. बोलणं इतकं हळू, की दूधवालासुद्धा कान पुढे करतो. आणि त्यांचा नेम कडक. सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. आजारपणात चुकलं नाही, प्रवासात चुकलं नाही. खाणाखुणा चालायच्या, पण घरात कागदावर लिहून दाखवणंही वर्ज्य. ते म्हणजे मौनाला पुढच्या दारातून आत घ्यायचं आणि मागच्या दारातून पिटाळायचं.

लोकांना वाटायचं, किती शांत संसार! पण भोंगेरावांसमोर रोज अर्धा दिवस गप्प बसणं म्हणजे काय, ते उकळत्या पातेल्यावरच्या झाकणालाच विचारा. ते 'साद'चे गोडवे गायचे, वहिनींच्या जिभेवर उत्तर यायचं आणि बारा वाजेपर्यंत पार थंडगार होऊन जायचं. शिळं उत्तर कुणाला वाढायचं?

म्हणून एका सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात पाठमोरं बसून फोन उघडला, चर्चामंडळात 'बटणदास' नावानं शिरल्या आणि अंगठा मोकळा सोडला. आता हे मौनात बसतं का? वहिनींनी बराच विचार केला आणि स्वतःच निकाल दिला. मौन बोलण्याचं असतं. हे तर भांडण आहे!

"साद म्हणजे क्रांती!" भोंगेराव बाहेरच्या खोलीतून लिहायचे.

"दिवा लावायला क्रांती कशाला? एक बोट पुरतं," स्वयंपाकघरातून उत्तर जायचं.

"बटणदास, तुम्ही अजून गारगोटीनं चूल पेटवता वाटतं!"

"नाही. पण पेटवण्याआधी चुलीची परवानगीही मागत नाही."

"तुमची बायको तुम्हाला सहन कशी करते हो?"

इथं वहिनींचा अंगठा जरा थबकला. नेमात खोटं चालत नाही. मग लिहिलं, "आमच्याकडे सहन करण्याचं काम दुसऱ्या बाजूनं चालतं."

बाहेरच्या खोलीत मूठ आपटल्याचा आवाज. "ऐकलंस का? हा बटणदास एकदा भेटू दे, कान उपटतो त्याचा!" आणि वहिनी आपला कान पदराआड घ्यायच्या.

एकदा बटणदासानं विचारलं होतं, "तुमचा गळा बसला तर?" त्यावर उत्तर आलं, "गळा बसणारे आमच्या खात्यात टिकत नाहीत! शिवाय घरात दोन आवाज नोंदलेले आहेत, माझा आणि सौभाग्यवतींचा. तिसऱ्याला यंत्र दाद देत नाही. रेकॉर्ड केलेला आवाज तर चोर म्हणून ओळखतं! आहे का असं तुमच्या 'हाक'मध्ये?"

आणि मग, मिशीची प्रतिज्ञा केली त्याच संध्याकाळी, खटल्याचा निकाल लागला. 'साद' जिंकलं! भोंगेरावांनी बातमीचा मथळा वाचला, तेवढाच वाचला आणि चर्चामंडळात बोलून भांडायची सोय होती तिथं घुसले. असे ओरडले, असे ओरडले, की वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या पेशंटनं न सांगताच आ वासला. वहिनींनी मात्र बातमी शेवटपर्यंत वाचली. अगदी तळाशी एक ओळ होती. आपत्तीसाठी यंत्राला एक बटण असलंच पाहिजे, असं कोर्टानं बजावलं होतं. त्यावर कंपनीच्या वकिलांनी कबूल केलं होतं, की बटण पहिल्यापासून आहे. यंत्राच्या बुडाशी, रबरी चकतीखाली. जाहिरातीत बरं दिसत नाही म्हणून झाकलंय, इतकंच.

वहिनी मनाशी हसल्या. उद्या अकराला बटणदास ही ओळ टाकणार होता. मिशी जाणार होती! देवासमोर माळ घेऊन बसतानासुद्धा त्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी दोन मणी जास्तीचे ओढले.

सकाळ झाली. भोंगेरावांनी 'साद'ला गजर लावला होता, तोही स्वतःच्या आवाजात. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! सकाळ फलाटावर लागलेली आहे!" तो थांबवायला "पुरे!" म्हणावं लागे; मग पडदेही सरकत आणि कुलूपही सुटे.

भोंगेरावांनी तोंड उघडलं.

"फुस्स."

परत उघडलं. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज. गळा बसला होता! बसला कसला, चारी पाय पसरून आडवा झाला होता.

पडदे बंद, घर काळंकुट्ट. दाराला कुलूप. आणि त्या अंधारात भोंगेरावांचाच आवाज भोंगेरावांना सांगतोय, "सकाळ फलाटावर लागलेली आहे!" त्यांनी फोनवरची आपली जुनी घोषणा यंत्राला ऐकवली. यंत्र थंडपणे म्हणालं, "चोराचा आवाज. कुलूप पक्कं केलं आहे." वायर उपटावी, तर वीज गेली की दार उघडायचंच नाही, हीसुद्धा 'साद'ची थोरवी त्यांनीच चर्चामंडळात गायली होती. वायरमनला फोनवर लिहिलं, "ताबडतोब या." त्याचं उत्तर आलं, "आवाजानं सांगा ना, साहेब!" पुढे हसणारे सात चेहरे.

मग हळूहळू त्यांची नजर वहिनींकडे वळली. घरातला दुसरा आवाज! एक शब्द, "पुरे," म्हटलं की सगळं सुटणार होतं.

त्यांनी हात जोडायला उचलले. अर्ध्यावर आणले. आणि खाली सोडले.

वहिनींना हे फोनच्या उजेडात दिसलं. इतके दिवस त्यांनी मनात किती वाक्यं जुळवून ठेवली होती या माणसासाठी! त्यातलं एक आज कामाला येईना. त्या उठल्या आणि खुणा करू लागल्या. यंत्राकडे बोट, मग हात उपडा, मग अंगठा दाबल्यासारखा. उलटं करा, दाबा!

भोंगेरावांना दिसलं ते वेगळंच. उपट, आपट, चिरड! यंत्रावर हिचा पहिल्यापासून डोळा! त्यांनी 'साद'ला कडेवरच्या बाळासारखं छातीशी धरलं आणि मान जोरात हलवली. वहिनी एक पाऊल पुढे, भोंगेराव एक पाऊल मागे. अशी दोघांनी टेबलाभोवती मुकाट शिवाशिवी सुरू केली, आणि मध्ये बाळ ओरडतंय, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

तेवढ्यात दारावर थाप पडली. भोंगेरावांची थोरली बहीण! वन्संना त्यांनीच प्रक्षेपण बघायला बोलावलं होतं. आवाजाच्या बाबतीत भाऊ तिच्यापुढे कुजबुजतो असंच म्हणायचं.

"अरे, दार उघड! मी आलेय!"

"सकाळ फलाटावर लागलेली आहे!" आतून उत्तर.

"ते कळलं! दार उघड!"

"सकाळ फलाटावर लागलेली आहे!"

वन्संनी वरच्या डॉक्टरांना हाका मारून खाली आणलं. "डॉक्टर, डोक्यावर परिणाम झालाय हो त्याच्या! एकच वाक्य परत परत म्हणतोय. माझ्या बोलण्याला उत्तर देत नाही!"

"ते तर नेहमीचंच आहे," डॉक्टर म्हणाले. "वहिनी कुठे आहेत?"

"तिचं मौन! तिला आत कुणी गाडून टाकलं तरी बारापर्यंत हूं की चूं करायची नाही ती!"

डॉक्टर गंभीर झाले. "मग अग्निशमन दलालाच बोलावलेलं बरं."

आणि ठीक अकरा वाजता, वेळ लावून ठेवल्याप्रमाणे, 'साद'नं भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून प्रक्षेपण आपोआप चालू केलं! हजारो लोकांना दिसलं ते असं. काळोख, त्यात यंत्राच्या हिरव्या दिव्यात चमकणारी एक मिशी, आणि मागे एक भरदार आवाज, जो मिशीखालच्या ओठांशी काही केल्या जुळत नव्हता.

"ओठ हलवायला विसरले वाटतं!" कुणीतरी लिहिलं.

"दिवे लावा की हो!"

"बटणदास कुठे आहे? बोलवा त्याला! मिशी! मिशी!"

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या होत्या. फोन हातात. ती एक ओळ लिहून तयार होती, कोर्टाचा निकाल आणि लपलेलं बटण. सगळ्यांसमोर टाकायची, की भोंगेराव जन्मात विसरणार नाहीत! अंगठा खाली येणार, इतक्यात फोनवर खासगी निरोप आला. भोंगेरावांचा, बटणदासाला.

"बटणदास, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. गळा बसलाय. बायको एका शब्दात सोडवेल, पण ते तिचं मौन आहे. ती मागते काय माझ्याकडून? सकाळची शांतता. ती पण मी कधी दिली नाही. आता तिचा नेम माझ्या मूर्खपणापायी मोडायचा नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा. पाहिजे तेवढं हसा, पण आधी सांगा."

वहिनींना चष्मा पुसावा लागला.

बाहेर जिन्यावर जड बुटांचा आवाज आला. "मागे सरका!" कुणीतरी म्हणालं. "कुऱ्हाड द्या इकडे!"

वहिनींपुढे पेच पडला. भांडण चालतं, हे त्यांचंच ठरलेलं. पण हे भांडण कुठे होतं? हे तर सरळसरळ नवऱ्याशी बोलणं झालं! त्यांनी देवाकडे पाहिलं. देवानं नेहमीप्रमाणे मौन पाळलं. मग वहिनींनी मनातल्या मनात वकिली केली. बोलतोय तो बटणदास, आणि बटणदासानं कुठे मौन धरलंय? सगळ्यांसमोर टाकायची ओळ त्यांनी पुसली आणि खासगीत लिहिलं, "यंत्र उलटं करा. बुडाची रबरी चकती काढा. खाली बटण आहे. दाबा."

भोंगेरावांनी वाचलं. बाळाला उलटं केलं. चकती नखानं उचकटली. आणि खरोखरच, तांबडं, हरभऱ्याएवढं बटण!

इतके दिवस छातीशी धरलेल्या यंत्राकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू सख्ख्या भावानं पिंजऱ्यातून गुन्हा कबूल केलाय. मग डोळे मिटले आणि दाबलं.

लख्ख उजेड! पडदे सर्रकन बाजूला! गजर गप्प! आणि कुलूप सुटलं ते नेमकं जवानानं कुऱ्हाड उगारून खांदा पुढे टाकला तेव्हा. जवान आत, त्याच्यावर वन्सं, वन्संवर दातांचे डॉक्टर. हजारो लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि भोंगेरावांचा अंगठा अजून बटणावरच होता, तो सगळ्यांना दिसला.

"अरे, काय झालं तुला?" वन्संनी खालूनच विचारलं.

"फुस्स," भोंगेराव म्हणाले.

"आं? हा गप्प कसा?" वन्सं रडायलाच लागल्या. "हा बरळत होता तेच बरं होतं!"

यथावकाश जवान चहा पिऊन गेले. डॉक्टरांनी गळा बघितला, आठवडाभर एक शब्द नाही म्हणाले, आणि सवयीनं दातही बघून घेतले. भोंगेरावांनी चर्चामंडळात लिहिलं, "हरलो. मिशी आज संध्याकाळी." घरात कशी छान शांतता पसरली. वहिनी खुर्चीत टेकल्या, फोन टेबलावर ठेवला. बारा वाजायला थोडाच अवकाश होता.

भोंगेराव समोर बसून मन लावून काहीतरी लिहीत होते. लिहिलं आणि पाठवलं.

टिंग! वहिनींचा फोन वाजला.

भोंगेरावांनी मान वर केली. वहिनी छताकडे बघू लागल्या. भोंगेरावांनी आपल्या फोनकडे पाहिलं, वहिनींच्या फोनकडे पाहिलं आणि हळूच आणखी एक शब्द पाठवला.

टिंग!

वन्संनी टेबलावरचा फोन उचलला आणि आपल्या त्या आवाजात वाचला, "'बटणदास, तुम्ही देवमाणूस! रविवारी जेवायला या, बायकोची ओळख करून देतो. ती फार कमी बोलते.' आणि खाली आणखी एक. 'बटणदास?' वहिनी, हा बटणदास कोण गं?"

भोंगेरावांचे डोळे खरबुजाएवढे झाले. तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडे विचारण्यासारखं खरोखर काहीतरी होतं, आणि आवाज नव्हता! नुसतंच "फुस्स? फुस्स?" असं चाललं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडले. मौन सुटलं. वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या, भोंगेराव खुर्चीच्या काठावर, दोघंही वहिनींच्या तोंडाकडे बघतायत.

वहिनी शांतपणे उठल्या. देवासमोर जाऊन बसल्या. हात जोडून म्हणाल्या, इतक्या हळू, की वन्संनासुद्धा कान पुढे करावा लागला,

"देवा, आजपासून मौन संध्याकाळपर्यंत."