टेमगिरेअण्णांची बोळकी मंडळी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले टेमगिरेअण्णा कुत्र्याची ओळख करून देताना नावाच्या आधी दात सांगतात.

"खाली तीन, वर काहीच न्हाई. ही सोनी. ह्याला एकच हाय, तोबी हालतोय. हा मोती."

मग समोरचा घाबरलाच आहे असं धरून चालतात आणि दिलासा देतात, "काय करत न्हाई हो. करायचं म्हटलं तरी कशानं करणार?"

हा दिलासा ते खरं तर स्वतःलाच देत असतात. कारण अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुत्र्यांना सगळ्यात जास्त कोण घाबरत असेल, तर ते अण्णा. आणि आमच्या चिखलीच्या सोसायटीत सगळ्यात जास्त कुत्री कुणाच्या घरात असतील, तर तीही अण्णांच्याच. सगळी म्हातारी. मालक परदेशी गेले, घर बदललं, नवं पिल्लू आलं, अशा कारणांनी नकोशी झालेली. अण्णा त्यांना घरी आणतात, खाऊपिऊ घालून उभं करतात आणि चांगलं घर बघून देऊन टाकतात. हे सगळं थरथर कापत.

अण्णांचं नाव निवृत्ती. नोकरीत असताना सगळे त्यांना निवृत्ती म्हणायचे आणि निवृत्त झाल्यावर ते कामाला लागले, असा सगळा उलटा मामला. नोकरी होती घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपायची. ज्या काळात मीटर जिन्याखाली, न्हाणीघराच्या मागे नाहीतर थेट कुत्र्याच्या साखळीच्या वर बसवलेले असत, त्या काळातली ही नोकरी. त्यामुळे अण्णांना हे शहर रस्त्यांनी आठवत नाही, कुत्र्यांच्या चाव्यांनी आठवतं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. लग्न होऊन लातूरहून इथं आले तेव्हा मला इकडचं काही माहीत नव्हतं. एकदा अण्णांना निगडीतल्या एका टेलरचा पत्ता विचारला.

"सोपं हाय. सरळ जायचं. जिथं मला पामेरियन चावलं तिथनं डावीकडं. पुढं दोघांनी घेरलं होतं तो चौक लागंल, तो सोडायचा."

"अण्णा, मला कसं कळणार तुम्हाला पामेरियन कुठं चावलं?"

"हितं," असं म्हणून अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पोटरीवर बोट ठेवून मला नकाशा समजावला. "ही निगडी. ही बारीक खूण यमुनानगर. आकुर्डी मागल्या बाजूला हाय, ती दाखवत न्हाई."

कुत्रं समोर आलं की काय करायचं याचं अण्णांचं शास्त्र ठरलेलं. "पळायचं न्हाई. झाड व्हायचं." म्हणजे हात अंगाला चिकटवायचे, मान आभाळाकडे आणि श्वास बंद. एकदा भर भाजी मंडईत ते असे झाड झालेले असताना स्कूटरवरच्या एका गृहस्थानं त्यांना देहूचा रस्ता विचारला. अण्णांनी फक्त डोळे फिरवले, डावीकडे. त्या गृहस्थानं मागे बसलेल्या बायकोला हळूच सांगितलं, "मौनात आहेत." दोघं खाली उतरून अण्णांच्या पाया पडले. कुत्रं केव्हाच निघून गेलं होतं, पण आता मौन मोडायचं कसं, म्हणून अण्णांनी तसाच आशीर्वाद दिला.

तर असा माणूस निवृत्तीनंतर एका सकाळी दूध आणायला म्हणून गेला आणि रिक्षातून टायगरला घेऊन आला.

झालं होतं असं. दुधाची पिशवी हातात घेऊन अण्णा पाय मोकळे करत आकुर्डीपर्यंत पोचले. तिथं प्राधिकरणाच्या बाजूला एक जुना बंगला होता. त्या बंगल्यातला टायगर म्हणजे अण्णांच्या नोकरीतला कायमचा शत्रू. अण्णा गल्लीच्या तोंडाशी आले की हा फाटकावर उभा राहायचा आणि अण्णा गल्ली सोडेपर्यंत भुंकायचा. आता बंगला पाडायला घेतला होता. घरची मंडळी पुनावळ्याला टॉवरमध्ये राहायला गेली होती आणि टायगरला 'थोडे दिवस' म्हणून वॉचमनकडे ठेवून गेली होती. त्या थोड्या दिवसांना बरेच दिवस झाले होते.

पत्र्याच्या कुंपणाला टेकून टायगर पडला होता. डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला, पाठीची हाडं वर आलेली. शेजारी ऋतुजा नावाची मुलगी उकिडवी बसून त्याला बिस्किट देत होती. ही हिंजवडीला नोकरी करते आणि उरलेला सगळा वेळ अशा म्हाताऱ्या कुत्र्यांपायी घालवते. टायगर बिस्किटाकडे बघतही नव्हता.

अण्णा सवयीनं रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं निघाले होते. वारा इकडून तिकडे होता. टायगरनं नाक वर केलं. मग पुढचे पाय टेकले, मागचे ओढले, उभा राहिला आणि फाटक नसलेल्या त्या जागेवरून अण्णांवर भुंकायला लागला.

अण्णा तिथल्या तिथं झाड झाले. दुधाची पिशवी तेवढी हलत होती.

"काका!" ऋतुजा ओरडली. "तुम्ही ह्याला ओळखता?"

"मी कशाला? तो मला ओळखतो!"

"अहो, परवापासून उठला नव्हता तो! तुम्हाला बघून उठला. तुम्ही त्याला थोडे दिवस घरी ठेवाल का?"

अण्णांच्या तोंडून 'न्हाई' निघणारच होतं. पण ते म्हणतात, टायगर भुंकता भुंकता धापकन खाली बसला आणि बसल्या बसल्यासुद्धा भुंकत राहिला, ते काही त्यांना बघवलं नाही. त्यांनी लांबूनच विचारलं, "दात किती राहिलेत?"

ऋतुजानं त्याचा ओठ वर करून बघितलं. "सगळे गेलेत."

"मग बघू," अण्णा म्हणाले.

रिक्षात मागच्या सीटवर टायगर आणि ऋतुजा, पुढे ड्रायव्हरच्या मांडीवर जवळजवळ अण्णा. चिखलीपर्यंत टायगर अण्णांच्या मानेकडे तोंड करून गुरगुरत होता. अण्णांच्या बायकोनं, शालनकाकूंनी, दार उघडलं.

"दूध कुठाय?"

"दूध रिक्षात ऱ्हायलं."

"आणि हे काय आणलंत?"

"टायगर."

"दूध आणायला गेलेला माणूस वाघ घेऊन आला," काकू मला सांगायला लगेच समोर आल्या. "हसतेस काय? तो ह्यांच्यावर गुरगुरतोय आणि हे त्याला 'या, बसा' म्हणतायत!"

त्यानंतरचे काही आठवडे अण्णा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे राहिले. टायगरचं ताट ते खराट्याच्या दांड्यानं पुढे सरकवायचे. हॉलमधून संडासात जायचं तर भिंतीला पाठ लावून सरकत जायचे. सांधेदुखीची गोळी पेढ्यात घालून द्यायची होती, तेव्हा तर अण्णांनी मोटरसायकलचं हेल्मेट घातलं, काच खाली ओढली, स्वेटरवर स्वेटर चढवला आणि भर एप्रिलमध्ये पेढा पुढे केला. टायगरनं पेढा खाल्ला, गोळी थुंकली आणि काच चाटली. आतून अण्णांचा आवाज आला, "शालन, मी हाय का?"

"आहात," काकू आतूनच म्हणाल्या. "कणीक मळायचीय, हेल्मेट काढून या."

टायगर सगळ्यांशी गरीब. काकूंच्या पायाशी झोपायचा, माझ्या हातून पोळी खायचा. फक्त अण्णांची चाहूल लागली की उठायचा आणि दोनदा तरी भुंकायचा. मग अण्णा दचकायचे आणि लगेच त्यांचा चेहरा खुलायचा. हे काय गौडबंगाल आहे ते मला बरेच दिवस कळलं नाही.

ऋतुजाला मात्र कळलं की हे घर चालतंय. मग सोनी आली, मोती आला, एक नाव नसलेली काळी आजी आली आणि गेली. घसरू नयेत म्हणून फरशीवर गोणपाटं पसरली गेली. सोसायटीच्या चेअरमननी तक्रार केली, तर अण्णांनी त्यांनाच घरात बोलावून सगळ्यांची तोंडं उघडून दाखवली. "बघा साहेब. सगळ्यांचे मिळून चार दात. तुमच्या एकट्याच्या तोंडात ह्याच्यापेक्षा जास्त हायेत."  पुढच्या महिन्यात चेअरमन स्वतःहून जुनी चादर देऊन गेले.

कुत्रं दुसऱ्या घरी द्यायची वेळ आली की अण्णांची मुलाखत बघण्यासारखी असते. सोनीला बघायला एक जोडपं आलं होतं. बायको हळवी होती, सोनीला मिठी मारून बसली. नवरा जरा सावध.

"चावत नाही ना?"

"दात असताना काय करत होती ते आमाला ठाव न्हाई," अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले. मग पुढे सरकून बसले. "तुमच्याकडं मीटर कुठं हाय?"

"मीटर?"

"विजेचा. घराच्या आत का भाईर?"

"खाली पार्किंगमध्ये आहे. का?"

"कुणीतरी येतं, आकडे लिहितं, जातं. त्या माणसाच्या नि मीटरच्या मधी हिला बांधायचं न्हाई. बास, माझी एवढीच अट हाय."

जोडप्यानं अट मान्य केली. सोनी गेली त्या दिवशी अण्णांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे डोक्याच्या वीतभर वरून. काकूंनी मात्र दारातच पदर डोळ्यांना लावला. अण्णा त्यांना म्हणाले, "रडतीस कशाला? पोरगी पुनावळ्याला दिली, लिफ्ट हाय तिथं."

टायगरला बघायलाही दोन-तीन घरची माणसं आली. पण प्रत्येक वेळी तो अण्णांवर असा काही भुंकायचा की पाहुणे चहा न घेताच उठायचे. "पाहुन्यांना वाटतं मीच त्याला मारतो," अण्णा तक्रार करायचे, पण सुरात तक्रार नसायची.

या थंडीत टायगरचं भुंकणं थांबलं.

एका सकाळी मी कंपनीच्या बससाठी निघाले तर अण्णा जिन्याच्या पायरीवर बसलेले. हातात चहाचा कप, चहावर साय धरलेली.

"काय झालं अण्णा?"

"चार दिवस झाले, बोलला न्हाई माझ्याशी."

डॉक्टर येऊन गेले होते. डोळे गेलेच होते, आता कानही गेले. औषध नव्हतं, वय होतं. खाणंही सुटत चाललं होतं. काकूंनी मांडीवर डोकं घेतलं तर दोन घास खायचा, अण्णा जवळ गेले तर त्याला पत्ताच नसायचा.

"आता तर तुम्हाला भीती नको ना," मी म्हटलं. मला वाटलं, जरा हसतील.

अण्णा हसले नाहीत. कप बाजूला ठेवून म्हणाले, "पोरी, सगळी नोकरी लोकांच्या दारात गेली. मीटरवाला आला, मीटरवाला गेला. नाव कुणी विचारलं न्हाई, मीबी कुणाला सांगितलं न्हाई. मग रिटायर झालो. त्याच गल्ल्यांतनं हिंडायचो. वाटायचं, कुणीतरी म्हणंल, अरे, तुमी इकडं यायचा. एक माणूस बोलला न्हाई." मग खिशातल्या रुमालानं नाक पुसलं. "ह्यो लांबनं, आंधळ्या डोळ्यांनी, वळखून उठला. आता त्याच्या लेखी मी कोण?"

माझी बस आली. मला जावं लागलं. त्या दिवशी लाइनवर माझं लक्ष लागलं नाही.

रविवारी दुपारी मी भात लावत होते, तर समोरची बेल वाजली आणि अण्णांचा दणदणीत आवाज आला, "मीटर!"

मी दार उघडलं. अण्णा स्वतःच्याच बंद दारासमोर उभे. अंगात खाकी शर्ट, पोटावरची दोन बटणं लागत नव्हती. खांद्याला जुनी कातडी पिशवी, माळ्यावरून काढलेली, कोळिष्टकांसकट.

"अण्णा, हे काय?"

"ऋतुजा म्हनली, नाक सगळ्यात शेवटी जातं," अण्णा कुजबुजले. "ही पिशवी आकुर्डीत रोज माझ्याबरोबर होती. कधी धुतली न्हाई."

"पण ओरडताय कशाला? त्याला ऐकू येत नाही."

"पूर्ण करायचं म्हटलं तर सगळंच करावं लागतं," असं म्हणून त्यांनी परत बेल दाबली.

काकूंनी दार उघडलं. "वेड लागलंय," त्या मला म्हणाल्या, पण बाजूला झाल्या.

टायगर गोणपाटावर कुशीवर पडला होता. अण्णा सरकत सरकत गेले, हेल्मेट नाही, दांडा नाही, आणि त्यांनी पिशवी त्याच्या तोंडाशी धरली.  बराच वेळ काहीच झालं नाही. काकू म्हणाल्या, "झोपलाय तो, उठा आता."

मग टायगरची नाकपुडी हलली. एकदा, परत एकदा. वरचा ओठ हळूहळू मागे गेला, आत नुसत्या हिरड्या. छातीतून कुठूनतरी खरखर वर आली आणि मान उचलून तो एकदा भुंकला. भुंकणं कसलं, खोकलाच होता तो. पण अण्णा एवढ्या जोरात दचकले की पिशवी हातातून पडली आणि ते मागे कोलमडून बसले.

टायगरनं हुंगत हुंगत तोंड पुढे आणलं आणि अण्णांच्या पँटचा काठ हिरड्यांत पकडला. घट्ट.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "सोडवू का?"

अण्णांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, दोन्ही एकदम. "धरू दे. मेहनतीनं धरलंय त्यानं."

मी घरी जाऊन माझा भात उतरवला, वाटीत मऊ भात आणि दही कालवून घेऊन आले. काकूंनी तोवर अण्णांचं ताट तिथंच फरशीवर आणलं होतं. टायगरनं वाटी हुंगली, दोन घास चाटले आणि परत पँट तोंडात धरली. अण्णांनी तो पाय लांब केला, तसाच ठेवला आणि जेवायला सुरुवात केली.