जलगडची जाळी आणि यादीबाहेरची गाठ

श्री देहस्वामी प्रसन्न. शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सर, पौष शुद्ध सप्तमीचे सुमारास आपल्याच फौजेने आपलेच दोन गड कैसे मारिले, तो मजकूर जैसा घडला तैसा लिहिला आहे. वाचणाराने खुशाल हसावे, परंतु हातची विडी आधी विझवावी. हे राज्य म्हणजे श्रीमंतांचा देह. श्रीमंत वरते शिरोभागी विराजत, आणि खाली कोण राबते याची त्यांस गंधवार्ता नसे. छातीत वायुगड, तेथे वारा आत घ्यावा. आणि कमरेस जलगड, तेथे रक्त गाळून मैले पाणी बाहेर सोडावे. जलगडाचे किल्लेदार दावलजी नाईक, बहुत कष्टाळू माणूस, अष्टौप्रहर जाळ्या राखीत, आणि उभ्या जन्मात दरबाराकडून एक शाबासकी आली नाही तरी कुरकुर म्हणोन नाही. दोन्ही गडांच्या जाळ्या एकाच विणकराच्या हातच्या, तिपेडी दोराच्या, आणि तिसऱ्या पेडाचे टोकास एक बारीक गाठ, ती विणीच्या आत ऐसी दडपलेली की ब्रह्मदेवासही दिसू नये.

आता फौजेची रीत ऐका. नवा शिपाई भरती जाहला की तालीमखान्यात त्यास घरच्या खुणांची यादी दाखवीत, आणि घरच्या खुणेवर जो हात उगारी त्यास तेथेच काढून टाकीत. रीत उत्तमच, पण यादी करणाराने ती दडलेली गाठ कधी पाहिलीच नव्हती, मग ती यादीत येणार कोठून? यादी राघो लिंगो चिटणिसांचे दप्तरी असे. यादीबाहेरची खूण दिसली की चिटणिसांनी तिच्या नावे चिठ्ठी काढावी, आणि नकलनविसांनी तिच्या लाखो नकला करून रक्ताच्या ओघात सोडाव्या, आणि चिठ्ठी जेथे चिकटेल तेथे तोफखान्याने विचारपूस न करिता गोळे टाकावे, ऐसा दंडक होता.

ऐशात श्रीमंतांस विड्यांचा भारी शौक. दिवसास दोन बंडले! त्या धुराने वायुगडाचा गिलावा करपला, मग वीण सैल पडली, आणि जन्माची दडलेली गाठ उघडी पडली. गस्तीवरच्या हलकाऱ्याने तुटका पेड उचलून चिटणिसांपुढे टाकिला. चिटणिसांनी चष्मा पुसला, यादी तीन वेळ चाळली आणि बोलते जाहले, "यादीत नाही. यादीत नाही ते घरचे नाही. काढा चिठ्ठी!" मग काय विचारता! वायुगडावर चिठ्ठ्या चिकटल्या आणि गोळे पडले, आणि श्रीमंत खोकले ते हातरुमाल तांबडा जाहला. आणि त्याच चिठ्ठ्या वाहत वाहत जलगडास आल्या. तेथे रक्ताची वाट जाळीस लागूनच, मध्ये धड दार नाही; चिठ्ठ्या आत शिरून त्याच गाठीस सुतात ओळंबा धरिल्यागत एका ओळीने चिकटल्या. दावलजी जाळीशी उभे राहून ओरडले, "अरे, हे आपले घर आहे! डोळे फुटले काय तुमचे?" गोलंदाज म्हणाला, "नाईक, आम्ही चिठ्ठी पाहतो, घर नाही पाहत," आणि बत्ती दिली. हजारो जाळ्या फाटल्या, बाहेर जाणारे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे जाहले, आणि श्रीमंतांचे पाय सुजून जोड्यात मावेनात.

दावलजींचे धाबे दणाणले. जलगड पडला तर मैले पाणी सारे राज्य बुडवील, हे त्यांस पक्के ठाऊक. मग फाटकी जाळी काखेस मारून खासा चिटणिसांचे दप्तरी दाखल जाहले आणि म्हणाले, "चिटणीस, चिठ्ठी मागे घ्या."

"नाईक, यादीत नाही हो..."

"खड्ड्यात गेली तुमची यादी!" ऐसे बोलून नाईकांनी दोराचा पीळ उलगडला आणि गाठ चिटणिसांच्या नाकासमोर धरिली. "वायुगडाचा पेड काढा. बघा, तीच गाठ की नाही? आपल्याच विणकराची आहे. श्रीमंतांस मिसरूड फुटले नव्हते तेव्हापासून ही येथे आहे!"

चिटणिसांनी दोन्ही गाठी पाहिल्या, चिठ्ठी पाहिली, आणि शिक्क्यांची पेटी उपडी केली. "नाईक, घात जाहला. पण रद्दचा शिक्का कोठे ठेविला कोणास ठाऊक. कधी लागलाच नाही. शोधावयास महिने लागतील." नाईकांस हसावे की रडावे कळेना, मग रडलेच बिचारे.

इतक्यात परमुलखाहून डाक्तर आले, आणि यंत्र लावून रक्तातले पाणी चिठ्ठ्यांसकट उपसते जाहले आणि नवे पाणी भरते जाहले, आणि कडू औषधे देऊन नकलनविसांस घरी बसविले आणि तोफखान्याची दारू भिजविली. चौदा दिवस हे चालिले. दावलजी एकेका जाळीस हात लावून फिरत, ही आहे, ही गेली, ही आहे. श्रीमंत उठून बसले तो पहिला हात उशीखाली विडीस गेला! डाक्तर म्हणाले, "ओढा खुशाल, मी यंत्र येथेच ठेवितो." श्रीमंतांनी बंडल मुकाट खिडकीबाहेर फेकिले.

पुढे शिक्का सापडला आणि उरल्या चिठ्ठ्या रद्द जाहल्या. परंतु फाटली जाळी पुन्हा विणिली जात नाही, तेथे नुसता वण राहतो. चिटणीस हात जोडून म्हणाले, "नाईक, काय ती शिक्षा सांगा." नाईकांनी फाटकी जाळी, गाठ वरते दिसेल ऐसी, तालीमखान्याचे दारी टांगिली आणि म्हणाले, "यापुढे प्रत्येक शिपायाने हिला मुजरा करावा. पहिला तुमचा." दुसरे दिवशी चिटणीस नव्या शिपायांच्या रांगेत सर्वांपुढे उभे राहिले, आणि वाकून सर्वांस ऐकू जाईल ऐसे म्हणाले, "ही घरची."

एकंदर हकिकत इतकीच की वायुगड सावरला, जलगड अर्ध्या जाळ्यांवर चालतो, आणि विड्या उकिरड्यावर गेल्या. चिटणीस आजही रोज सकाळी मुजरा करितात, आणि तेवढा वेळ दावलजी तोंड फिरवून उभे राहतात, कारण ती जाळी त्यांच्याने अजून पाहवत नाही.