एक टर्बो का दोन

आमच्या सिंदेवाहीत रामटेके सरांच्या घरी गेलं, की पाणी नंतर मिळतं. आधी प्रश्न येतो, "सांग भाऊ, एक मोठा टर्बो का दोन लहान?" पोस्टमन, गॅसवाला, मतदार यादीवाल्या मॅडम, सगळ्यांनी यावर मत दिलेलं आहे. मॅडम "दोन" म्हणाल्या आणि सुटल्या. मी शेजारी, त्यामुळे दोन वर्षं झाली, अजून अडकलेलोच आहे.

सरांकडे स्वतःची गाडी म्हणाल तर एक जुनी स्कूटर. टर्बो हवा आहे तो त्यांच्या लेकीच्या, प्रज्ञाच्या गाडीला, आणि ती आहे न्यूझीलंडमध्ये. दोन दारांची, रोटरी इंजिनाची जपानी गाडी. सरांनी तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवलं, पण हे इंजिन त्यांनी पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेलं. त्यात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर गरगर फिरतो. मला समजावं म्हणून त्यांनी एकदा लंबगोल ताटलीत समोसा फिरवून दाखवला. अर्ध्या फेरीतच बटाटा बाहेर आला. "हेच," सर खूश होऊन म्हणाले, "सील गेले का असंच होते."

गाडी चढावर दमते, असं प्रज्ञाच एकदा म्हणाली होती. म्हणून इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो बसवायचं ठरलं. किट दोन तऱ्हेची. सरांच्या मते मोठा टर्बो म्हणजे आळशी बैल. उठायला वेळ लावतो, पण उठला की बंडी बांधावरून नेतो. दोन लहान म्हणजे गोऱ्हे. लगेच पळतात, पण दोघांचं चारापाणी बघत बसा.

दर रविवारी सकाळी आठला सर इस्त्रीचा शर्ट घालून व्हिडिओ कॉलला बसतात. एका रविवारी एकाच्या बाजूचे, पुढच्या रविवारी दोनाच्या. मग रोटरी तापते फार, म्हणून रेडिएटर. मग पाइप. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्यांच्या मिसेस शोभाबाई होत्या तेव्हा फोन त्याच घेत. सर मागून "बरी आहे ना?" एवढंच विचारत. शोभाबाई गेल्यावर काही महिने बाप-लेक फोनवर नुसते एकमेकांकडे बघत बसायचे. मी पाहिलंय ते.

गेल्या रविवारी मी तिथंच होतो. प्रज्ञाला मैत्रिणीकडे जायचं होतं. बोलता बोलताच तिनं फोन समोर अडकवला आणि गाडी काढली. चढ लागला, तशी इंजिनाच्या आवाजावर एक बारीक शिट्टी चढत गेली. तिनं अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि फुस्स झालं.  सर लगेच रेडिएटरचं विचारू लागले.

फोन ठेवल्यावर म्हणाले, "मोठावाला बसवला तिनं. दिवाळीपासून ते टर्बोची शिट्टी ऐकून राह्यलो."

"मग विचारता काऊन, सर?"

"तिनं सांगितलं नाई ना गा. ठरलं म्हटलं, तर मंग बोलाचं काय?" सर चष्मा पुसत राहिले. "तिलेही तसंच वाटत असन. नाईतर सांगितलं नसतं का तिनं?"

ते चहा ठेवायला आत गेले. पुढच्या रविवारी दोनाच्या बाजूनं काय बोलायचं, ते आतूनच मला सांगू लागले.