हसनचाचांचा आकडा

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला शेजारचे हसनचाचा आले, शिऱ्याची दुसरी वाटी संपवली, बोटं पुसली, हॉलच्या चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि माझ्या सासूबाईंच्या देखत म्हणाले, "ताई, फ्लॅट फस्क्लास हाय. विकताना बत्तीस येतील."

गुरुजी अजून जेवायचे होते. होमाचा धूर घरात तसाच होता. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गिऱ्हाईक मीच बोलावलंय. मी म्हटलं, "अहो चाचा, आजच राहायला आलोय आम्ही!" तर माणूस शांतपणे म्हणतो, "म्हणून तर आज सांगतो. उद्यापासून तुमी भिंतीला खिळे ठोकणार."

आता याला काय म्हणायचं? पण मी रागावले नाही. पनवेलात हसनचाचांवर रागावत कुणीच नाही, कारण आज ना उद्या प्रत्येकाला सेकंडहँड गाडी घ्यायचीच असते.

चाचा बावीस वर्षं शारजाला होते. जुन्या गाड्यांच्या यार्डात. गेले ते गाड्या पुसायला, आणि परत आले तेव्हा यार्डाचा मालक त्यांना विचारल्याशिवाय गाडीचा भाव बोलत नव्हता. इथे आल्यावर स्वतःसाठी घेतली ती सायकल. मी एकदा विचारलं, "चाचा, तुम्ही गाडी का नाही घेत हो?" तर म्हणाले, "सायकलला रिसेल नाय, ताई. म्हणून तर ती माझी." घरात ते आणि खैरूचाची, दोघंच. मूलबाळ नाही.

बिल्डिंगच्या खालीच माझं झेरॉक्सचं दुकान. गाडी नावावर करायचे फॉर्मही मीच भरून देते, त्यामुळे चाचांकडून गाडी तपासून घेणारी सगळी गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांखालून जातात. फी म्हणून चाचा एक पैसा घेत नाहीत. फक्त कागदांची एक प्रत स्वतःसाठी काढून घेतात. तीही फुकट, म्हणजे माझ्या खर्चाने!

त्यांची गाडी तपासायची रीत एकदा बघावीच. खिशात जुन्या मोज्यात घातलेलं लोहचुंबक. रंगाला ओरखडा नको म्हणून मोजा. ते गाडीच्या अंगावरून फिरवत जायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी म्हणजे लांबी भरलीय, म्हणजे गाडी ठोकलेली. मग सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बाहेर काढायचा. तळाशी मातीची रेघ दिसली की गाडी पुरात बुडालेली. मग ब्रेकच्या पॅडलचं रबर बघायचं. मीटर सांगतं तीस हजार आणि रबर झिजून गुळगुळीत? "मीटर बोलतो खोटं, पाय बोलतो खरं." शेवटी इंजिन चालू करून पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहतात. तेवढ्यात कुणी शिंकलं तरी खपत नाही. "गप! ती बोलतेय."

आणि एवढं सगळं झाल्यावर आकडा. एकच. "घ्यायचा आकडा कुणीपण सांगेल," ते म्हणतात. "विकताना काय, ते सांगा. घ्यायला जाल तेव्हा मनानं विकणारा व्हा."

ही खोड गाड्यांपुरती असती तर बरं होतं. माझ्या नणंदेला बघायला मुलगा आला होता. चाचा आंबे द्यायला म्हणून आले आणि दोन मिनिटं बसले. मग मला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजले, "मॉडेल चांगलं हाय, ताई. पण मूळ रंग नाय. कानामागं बघा." मी पोहे द्यायच्या निमित्ताने मागून गेले. खरंच की! कानामागे कलपाचा हा एवढा डाग. तिशीचा म्हणून आलेला मुलगा अडतिशीचा निघाला. नणंदेनं तरी त्याच्याशीच लग्न केलं. म्हणाली, निदान रंग मारायचे कष्ट तरी घेतो.

तर असे आमचे चाचा. आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गाडी आली ती रुपेशमुळे.

रुपेश खाडीकडच्या गावातला आगरी पोरगा. पोरगा म्हणजे दोन मुलींचा बाप, पण आमच्यासाठी पोरगाच. विमानतळात त्यांचं शेत गेलं, बदल्यात प्लॉट मिळाले, त्यातला एक त्यानं विकला. दीड कोटी आले. तेव्हा आमच्याकडे ज्याच्या त्याच्या दारात नवी गाडी उभी राहायला लागली होती. पण रुपेशला नवी नको होती. त्याला इटलीची पाहिजे होती. लाल, जमिनीला पोट लावून पळणारी, इंजिन मागे असलेली. मुंबईच्या एका साहेबांना ती विकायची होती. मागणं एक कोटी दहा लाख.

चाचांचं चुंबक मागून घेऊन रुपेश एकटाच मुंबईला बघायला गेला. दुपारी माझ्या दुकानात फोन. आवाज रडवेला. "ताई, चाचांला द्या! फसवलं ओ! चुंबक कुठंच चिकटत नाय. दरवाजा नाय, बॉनेट नाय. आख्खी गाडी लांबीची हाय!"

चाचांनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि हसता हसता माझ्या स्टुलावरून खालीच बसले. "अरे येड्या, ती लोखंडाची नसते! अ‍ॅल्युमिनियम ती, कार्बन ती! तू त्या साहेबांसमोर मोजा फिरवत होतास? तौबा तौबा!" मग डोळे पुसून म्हणाले, "गाडी तुज्या दारात आणायला सांग. जिथं ठेवणार तिथं बघीन."

दुसऱ्या दिवशी रुपेशची आई माझ्या दुकानात आली. मासळीची रिकामी पाटी काउंटरवर आपटून म्हणाली, "बाय, तुजा त्यो चाचा हाय ना, त्याला सांग. गारीत खोट दाखव म्हनावं. काय पन दाखव. आमची जमीन गेली ती गेली, आता पैसंपन चाकावर पलून जातील. दोन नाती हायेत मना." बोलता बोलता तिचे डोळे भरले. मी चहा मागवला.

संध्याकाळी मी चाचांना सगळं सांगितलं. म्हटलं, सांगून टाका ना, इंजिन गेलंय म्हणून. कुणाला कळतंय? चाचांनी मान हलवली. "आकडा खोटा नाय सांगणार, ताई. बावीस वर्षं नाय सांगितला." मी चिडले. म्हटलं, तुमच्या आकड्यापायी त्या म्हातारीचं घर बसेल! त्यावर चाचा उठून सायकल घेऊन गेले. जाताना नेहमीसारखं "येतो" पण म्हणाले नाहीत.

रविवारी गाडी आली. फॉर्म भरायचे म्हणून मीही गेले होते, पण खरं सांगते, फॉर्म हे निमित्त. कोण सोडेल असला तमाशा?

गावाच्या वेशीवर गावकऱ्यांनीच डंपरवाल्यांना वैतागून घातलेला गतिरोधक आहे. गतिरोधक कसला, गुडघाभर डांबराचा ढीग. लाल गाडी त्याच्यासमोर येऊन थांबली, हळूच चढली आणि पोटाखालून 'खर्रर्र' झालं. साहेबांचा चेहरा पांढराफटक. मग काय, आख्खं गाव धावलं! कुणी होड्या सरकवायच्या फळ्या आणल्या, कुणी गोणपाट. "डावीकडं घ्या! अरं डावीकडं!" करत चाळीस माणसांनी ती गाडी नवरीसारखी पलीकडे उतरवली. चाचा बाजूला उभे राहून म्हणाले, "एक लाख इथंच कमी झाले."

मग दीड तास तपासणी. या गाडीला मोजा नव्हता, टॉर्च होता. चाचा गोणपाटावर उताणे होऊन अर्धे गाडीखाली गेले. टायर कधी बनलेत ते वाचलं, किल्ल्या दोन्ही आहेत का विचारलं, सर्व्हिसचं पुस्तक पान न पान बघितलं. "नऊ वर्षांत चारच हजार चालली?" ते साहेबांना म्हणाले. "ये गाडी नहीं साहब, शोकेस है. रबर सूखता है खडे खडे." साहेब कौतुकाने बघायला लागले. शेवटी इंजिन चालू झालं. गाव हादरलं, कोंबड्या पळाल्या, आणि चाचांनी डोळे मिटले. पाच मिनिटं. चाळीस माणसं श्वास रोखून. रुपेशची आई पदर तोंडाला लावून दारात उभी.

चाचांनी डोळे उघडले. "गाडी चोख हाय. आधीच्या दोन मालकांनी तोटा खाल्ला, उतरायचा तेवढा भाव उतरला. आजचा आकडा एक कोटी चार. दोन वर्षांनी विकताना नव्वद, गिऱ्हाईक मिळालं तर."

रुपेशनं आनंदानं टाळीच वाजवली. त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी मेलेच. साहेब एक कोटी चारला लगेच तयार झाले, आणि रुपेशनं बयाण्यासाठी चेकबुक बाहेर काढलं.

"थांब," चाचा म्हणाले. "चेक लिवायच्या आधी घरातल्या सगळ्यांना एकेक फेरी मार."

असं ते आजवर कुणाला म्हणाले नव्हते. पण साहेबांना सौदा झाल्यासारखाच वाटत होता. त्यांनी हसून किल्ली दिली.

सीट दोनच, म्हणून पहिली फेरी आईची. चेहरा असा की कोर्टात चाललीय. देवळाच्या मैदानापर्यंत जाऊन परत. मग बायको. मग मोठी मुलगी. प्रत्येक वेळी गाडी घुमत निघायची आणि दारात उरलेल्या तिघी बघत राहायच्या. धाकटीचा नंबर शेवटी आला तोवर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तिला घेऊन रुपेश निघाला आणि थोडं पुढे जाऊन थांबला. आरशात बघत होता म्हणे. आई, बायको, थोरली, तिघी उंबऱ्यावर. थोरलीनं हात हलवला.

परत येऊन त्यानं इंजिन बंद केलं. उतरायलाच तयार नाही. मग म्हणाला, "चाचा, चार फेऱ्या मारल्या. चारी वेळंला तिघी दारात."

चाचांनी टॉर्च खिशात टाकला.

रुपेश साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, गाडी लई भारी हाय. पन माजं घर मोठं हाय. मना सगली एकदम पायजे." आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्याच्या आईनं आधी दृष्ट काढत चाचांवरून कडाकडा बोटं मोडली आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, त्या लाल गाडीवरूनही मोडली!

साहेब क्षणभर फुगले. मग हसत सुटले. "चाचा, आपने गाडी की तारीफ भी की और बेचने भी नहीं दी! बोलो, आपको क्या दूँ?"

मी चाचांना कधी काही मागताना पाहिलेलं नाही. त्या दिवशी ते सायकलवरून पडलेल्या पोरासारखे लाजले. "साहब, जाते जाते मेरे घर के सामने से... एक चक्कर... मेरी बीवी..."

साहेबांनी किल्लीच त्यांच्या हातात दिली आणि स्वतः रुपेशच्या जीपमध्ये आमच्यासोबत बसले. गतिरोधकावर पुन्हा फळ्या, पुन्हा चाळीस माणसं, आणि मग चाचा पुढे, आम्ही मागे.

खैरूचाचींचे गुडघे दुखरे. गाडी इतकी बुटकी की त्यांना बसवणं म्हणजे विहिरीत कळशी सोडणं. "अगं बाई, सोडा! अगं, पडले!" करत त्या एकदाच्या सीटवर टेकल्या. चाचांनी त्यांचा पट्टा लावला. ओढणी दारात अडकली होती, ती आत घेतली. गाडी तळ्याच्या रस्त्याने सावकाश, वीसच्या वेगानं गेली. मागे रिक्षावाले हॉर्न मारत होते. त्यांना कळेना, असली गाडी असून हा माणूस चालतोय का!

परत आल्यावर चाचींना बाहेर काढायला तिघं लागले. चाचा साहेबांना हायवेपर्यंत पोचवायला गेले. चाची माझ्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. धाप लागलेली, पण हसू आवरत नव्हतं. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "चाची, चाचांना आज काय झालं हो?"

"आज नाय झालं, तेव्हाच झालंय," त्या म्हणाल्या. "शारजावरून फोन महाग पडायचा, ताई. हे महिन्याला एक कॅसेट भरून पाठवायचे, गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती. ऐकायला आख्खं घर बसायचं. सासू पुढं, दीर बाजूला, मी आपली दाराआड. सगळ्यांसमोर हे बायकोला काय बोलणार? मग गाड्या सांगायचे. आज पिवळी आली, इंजिन मागं हाय, दार वर उघडतं, एवढ्याला जाईल. पूर्ण कॅसेटभर. सासू म्हणायची, पोरगा उन्हानं खुळा झाला."

मी हसले. चाची हसल्या नाहीत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"यार्डात मोठ्या गाड्याच जास्त असायच्या, ताई. सात-सात, आठ-आठ माणसांच्या. तिकडं घरं मोठी. हे दिवसभर त्याच पुसायचे. पण त्यातली एकसुद्धा कधी कॅसेटवर सांगितली नाय. बावीस वर्षं, दोन सीटांचीच."

त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि गुडघा धरून उठल्या.

"सासूला शेवटपर्यंत कळलं नाय. मला दुसऱ्याच कॅसेटला कळलं."