डावीकडचा खोकला

आमच्या सोसायटीत लोणचं आणि वायर या दोन्ही गोष्टी मुरायला ठेवणारं घर एकच होतं. दुसऱ्या मजल्यावरचं, लिमयांचं. मी कर्वेनगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, त्याच आठवड्यात साखर मागायला त्यांच्या दारात उभा राहिलो. काकू साखर काढत होत्या आणि माझं लक्ष फडताळाकडे गेलं. खालच्या फळीवर लोणच्याची बरणी, तिच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. वरच्या फळीवर जुन्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि त्या शालीतून कोणीतरी बारीक आवाजात कापसावरच्या बोंडअळीची माहिती सांगत होतं.

"काकू, हे काय आहे?"

"वायर," काकू म्हणाल्या. "मुरते आहे."

आतून लिमयेकाका आले. उंच, सडपातळ, अंगात बिनबाह्यांचा बनियन. हेडफोनची नवी वायर आली की तिच्यातून दोनशे तास आवाज वाहू द्यायचा, मगच ती मोकळी होते, असं त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. म्हणून रेडिओ लावून, त्याला हेडफोन जोडून, सगळं शालीत बांधून ठेवलं होतं.

"पण शेतीचा कार्यक्रम?" मी विचारलं.

"वायरला आवडनिवड नसते. माणसाला असावी," असं म्हणून त्यांनी माझ्या फुलाफुलांच्या शर्टाकडे पाहिलं. "गाव कुठलं आपलं?"

"अकोला."

"अस्सं. मग बोंडअळीचं ऐकून बरं वाटलं असेल."

त्या दिवसापासून माझं नाव 'अहो अकोला' पडलं. पुण्यात माणसाला गावाच्या नावाने हाक मारतात आणि वर 'अहो' लावतात, म्हणजे अपमान झाला की मान मिळाला हे ठरवता ठरवता वर्ष निघून जातं. माझं तर दीड गेलं.

काका हडपसरच्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. त्यांचं काम ऐकण्याचं. तयार झालेला गिअरबॉक्स फिरवायचा, शिसवी लाकडाची हातभर दांडी घ्यायची, तिचं एक टोक गिअरबॉक्सवर आणि दुसरं डाव्या कानाला टेकवायचं आणि डोळे मिटायचे. काका डोळे उघडून "जाऊ दे" म्हणाले की माल बाहेर. "पडदा आहे" म्हणाले की परत. आत कुठला दाता घासतोय, कुठल्या बेअरिंगला तेल पोचलं नाही, हे ते ऐकून सांगत, आणि उघडल्यावर तेच निघे. "डावा कान माझा कमावता," ते म्हणायचे. "उजवा नुसता बसून खाणारा."

मग देशाचे दरवाजे उघडले आणि कारखान्याच्या दरवाजातून आवाज मोजायचं परदेशी यंत्र आत आलं. सहा महिने काकांचा कान आणि यंत्राचा आकडा बरोबरीने चालले. त्यानंतर यंत्राला कायम केलं आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची ते विचारायचं नसतं. त्याच हडपसरात पुढे काचेच्या इमारती उठल्या आणि त्यांतल्या एकीत मी कंपनीच्या बसने जाऊन बसू लागलो. माझ्या कामात कशाचाच आवाज येत नाही, याची काकांना मनापासून कीव वाटे.

रिकाम्या झालेल्या कानाला भाच्याने जर्मनीहून भारी हेडफोन पाठवले आणि काकांचा दुसरा संसार सुरू झाला. त्या हेडफोनच्या दोन्ही वाट्यांना वायर वेगवेगळी खोचायची असे. लाल टोक उजवीकडे, काळं डावीकडे. ती वायर बदलता येते हे कळलं, तिथेच घात झाला. मी कंपनीच्या कामाने परदेशी निघालो की इतर लोक चॉकलेटं सांगत, अत्तर सांगत. काका मला वायरीचं नाव चिठ्ठीवर लिहून देत आणि चिठ्ठी पाकिटात ठेवली की नाही ते स्वतः बघत.

रविवारी दुपारी दोनला बैठक. त्या वेळी कर्वेनगर गाढ झोपलेलं असतं. दुकानं बंद, कुत्री रिक्षांखाली आडवी, आणि लिमयांच्या खोलीत ओढलेल्या निळ्या पडद्यातून येणारा उजेड पाण्यात बुडाल्यासारखा. काका आरामखुर्चीत डोळे मिटून बसत आणि मी मागे उभा राहून त्यांना न सांगता वायरी बदलत असे. पूर्वी हे काम काकूंकडे होतं. काकांनी कुठली वायर ते ओळखायचं. ओळखायचेही बरोबर. तांब्याची लागली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "ही दुपार," ते पुटपुटायचे. "अंगणात वाळवण घातलंय, राखणीला कोणी नाही." चांदीचा मुलामा दिलेली लागली की भुवया वर. "ही सकाळ. नुकती भांडी घासलेली." मग हेडफोन माझ्या डोक्यावर चढवत. "डोळे मिटा. आता सांगा."

"छान आहे," मी म्हणायचो.

"छान साबुदाण्याची खिचडी असते, अहो अकोला. काय ऐकू आलं ते सांगा."

ऐकायची सीडी मात्र एकच. कुठल्याशा घरगुती मैफलीत कोणीतरी केलेलं ध्वनिमुद्रण. त्यातलं गाणं मी वर्षभरात एकदाही ऐकलं नाही, कारण काका पहिल्या तीन मिनिटांपुढे कधी जातच नसत. आधी तंबोरा. मग कोणीतरी सतरंजीवर सरकून बसतं. मग एक बांगडी किणकिणते. आणि मग डावीकडे, जरा मागे, एक माणूस खोकतो. दोनदाच, तोंडावर हात धरून. काकांचा सगळा जीव या माणसात. "तिसऱ्या रांगेतला आहे," ते सांगायचे. "पन्नाशीचा. येताना शेंगदाणे खाल्लेत. गाणं सुरू व्हायच्या आत खोकून घेतोय बिचारा, पुढे त्रास नको म्हणून. सज्जन माणूस." वायर चांगली की वाईट हे त्या सज्जन माणसावर ठरे. तो खोकताना त्याच्या सदऱ्याची बाही सरकलेली ऐकू आली पाहिजे, एवढीच काकांची अपेक्षा होती.

मी हे हसण्यावारी नेत असे. पण त्या दुपारी डोळे मिटून खरंच वाटायचं की आपण कुठल्यातरी जुन्या दिवाणखान्यात शिरलोय, सगळी माणसं तशीच बसलीत, आणि आपण आल्याचं कोणाला कळलेलं नाही. बाहेर आल्यावर ऊनसुद्धा जरा लांबचं वाटे.

मग कधीतरी तो खोकणारा हरवू लागला. "पुसट झालाय," काका म्हणाले. पुढे, "डावीकडे पडदा आहे." मग एकदा सगळं ऐकून झाल्यावर हळूच, "आज आलाच नाही." मला तर स्पष्ट ऐकू येत होता. पण काकांच्या कानापुढे माझा कान तो काय, म्हणून मी गप्प राहिलो. दोष वायरीचा ठरला. नवी वायर आली, मुरली, तिच्यातही तो आला नाही. मग आणखी एक आली.

काकूंचा राग निराळाच होता.

रोज संध्याकाळी साडेपाचला काका स्कूटर काढत. ती एका अंगावर कलती करून, लाथा घालून, मनधरणी करून सुरू झाली की काकू मागे एका बाजूला पाय सोडून बसत, उजवा हात काकांच्या खांद्यावर ठेवत, आणि स्कूटर फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांचं बोलणं सुरू झालेलं असे. "आमचा निम्मा संसार स्कूटरवर झाला," काकूंनी मला एकदा पोहे देताना सांगितलं होतं. "नारायण पेठेत दोन खोल्या आणि नऊ माणसं. नवऱ्याशी बोलायचं कुठे? भाजी आणायला म्हणून निघायचो आणि पार खडकवासल्याला पोचायचो. भाजी आणायची राहूनच जायची. सासूबाई म्हणायच्या, रोजच कशी गं मंडई बंद?"

त्याच काकू त्या वर्षी मला म्हणाल्या, "आता नुसतं 'हं' म्हणतात रे. काही सांगा, 'हं'. परवा मुद्दाम म्हटलं, 'अहो, मी कायमची माहेरी जाते.' तर म्हणाले, 'हं, सावकाश.' डोक्यात सतत त्या वायरी. एवढी वर्षं माझं ऐकलं, आता कंटाळा आला असेल." त्या हसल्या, पण पोह्यांवर दोनदा खोबरं घातलं गेलं. मला काकांचा राग आला. त्यातली शेवटची वायर मीच आणून दिली होती, त्यामुळे स्वतःचाही आला.

पुढच्या रविवारी त्याच वायरीची परीक्षा होती. काका डोळे मिटून बसले. मी मागून वायर खोचली, सीडी लावली. तंबोरा सुरू झाला असावा. काकांचं बोट खुर्चीच्या हातावर हळूहळू हलत होतं. आणि अचानक ते ताठ झाले.

"आला!" ते केवढ्यांदा ओरडले. "अगं, आला! दोनदा! बाहीसकट!"

काकू हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मीही खूश होऊन हेडफोनकडे पाहिलं. लाल टोक डाव्या वाटीत होतं. मी वायर उलटी खोचली होती. डावीकडचा खोकणारा उजव्या कानात गेला होता, म्हणून ऐकू आला होता. म्हणजे पडदा वायरीत नव्हता.

मी वर पाहिलं. काकूही त्या लाल टोकाकडेच बघत होत्या.

काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले, तशा काकू त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, चहा टाकू?" काका समोर बघून हसत होते. काकू खुर्चीला वळसा घालून उजवीकडे आल्या. "अहो, चहा टाकू?"

"अर्धा कप," काका म्हणाले.

चहा टाकायला गेलेल्या काकू बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी कप आणायच्या निमित्ताने आत गेलो, तर त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "आठ महिने रागावलेय रे मी या माणसावर," त्या कुजबुजल्या. "त्यांना कळू देऊ नकोस हं. कानावर फार जीव आहे त्यांचा."

मी मान हलवली. एखाद्याचं गुपित सांभाळणं मला जमतं. पण चार दिवसांनी संध्याकाळी जिन्यात काकांनी मला अडवलं.

"अहो अकोला, लाल कुठे खोचायचं?"

मी खाली पाहिलं. "उजवीकडे."

"मला त्याच क्षणी कळलं होतं. इतकी वर्षं डाव्या हाताला बसलेला माणूस एकदम उजवीकडून खोकतो होय?"

"मग ओरडलात कशाला, काका?"

"आनंद झाला हो," काका म्हणाले. "कुठून का होईना, आला." मग कठड्यावर बोट फिरवत उभे राहिले. "डावा गेला. तीस वर्षं दांडी टेकवली, त्याने तरी किती सोसायचं? वायरीत दोष असता तर बरं झालं असतं, वायर बदलता येते. हिला मात्र बोलू नका. मागची गाडी ऐकू येत नाही म्हणून स्कूटर बंद करायला लावेल. ती मागे बसून बोलते ना, ते सगळं डाव्या कानात येतं. शब्द लागत नाहीत आता. पण मानेवर श्वास लागतो, त्यावरून कळतं की बोलते आहे. मी 'हं' म्हणतो. तेवढं तरी राहू दे."

आता दोघांचं एकच गुपित माझ्या एकट्याजवळ जमा झालं, आणि दोन्हीकडे तोंड बंद ठेवायचं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी साडेपाचला मी गॅलरीत उभा होतो. काका स्कूटरला लाथा घालत होते. काकू जिन्यातून खाली आल्या आणि तळमजल्यावरचे परांजपे वर्तमानपत्र खाली ठेवून बघतच राहिले. जन्मभर सहावारी नेसलेल्या, साठी उलटलेल्या काकू निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. ओढणी दोन पिनांनी पक्की केली होती.

"वहिनी, कॉलेजात नाव घातलं वाटतं?" परांजपे म्हणाले.

"हो. जागा आहेत अजून, येताय?" काकू म्हणाल्या, आणि काकांकडे वळल्या. "साडी चाकात अडकते हो. कशाला जोखीम!"

काकांनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. स्कूटर सुरू झाली. काकूंनी त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरलं, एक पाय पलीकडे टाकला, जरा डगमगल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. मग पुढे सरकून त्यांनी हनुवटी काकांच्या उजव्या खांद्यावर टेकवली आणि बोलायला लागल्या.

स्कूटर फाटकापर्यंत गेली आणि थांबली. काका नुसते ऐकत होते, हँडल धरून, डोळे मिटून, गिअरबॉक्स ऐकावा तसे. मागे एका रिक्षाने हॉर्न दिला.

"छे, छे! अजिबात नाही!" काका एकदम मोठ्याने म्हणाले. "माहेरी कसली जातेस? तिथे आता आहे कोण?"

आणि स्कूटर वळून खडकवासल्याच्या दिशेने निघून गेली. भाजीची पिशवी खाली अंगणातल्या कठड्यावर तशीच राहिली होती.